सातनंतर कोट लागतो

“दोन माग बसत्याल की हितं. आन् दारापाशी कांड्या भरायचं मशीन.”

मी जिन्यातच थांबले. खाली जेवणाच्या खोलीत घरमालकीण काकींचा भाऊ माप घेत होता. दोरीचं एक टोक त्याने बहिणीच्या हातात देऊन तिला खिडकीपाशी उभं केलं होतं आणि दुसरं टोक ओढत तो दारापर्यंत आला होता. मधे टेबल होतं, टेबलावर पांढरं कापड होतं, आणि दोरी त्यावरून जात होती. घरमालक, म्हणजे काका, टेबलाच्या पलीकडे उभे होते. त्यांचीच खोली मोजली जात होती, आणि ते मात्र कापडाला डाग पडू नये म्हणून ती दोरी दोन बोटांनी वर उचलून धरत होते.

“आन् टेबल?” त्यांनी विचारलं.

“टेबल इकायचं. लाकूड चांगलं हाय,” भाऊ म्हणाला.

“इकायचं न्हाय ते.”

“मग डोक्यावर घिऊन हिंडा पेठेतनं,” काकी म्हणाल्या. त्यांनी दोरीचं टोक सोडून दिलं आणि पदराने तोंड पुसलं. “हे बगा. तुमच्या बोटीसाठी मी एवढी वर्सं भाकरी थापल्या, कदी काय बोलले न्हाय. आताबी भांडत न्हाय. जवर ह्या टेबलावर रोज सांजच्याला एक तरी माणूस कोट घालून जेवतोय, तवर खोली तुमची. ज्या सांजंला एकबी कोट न्हाय, त्याच्या दुसऱ्या सकाळी माग. बोला.”

त्यांनी कापडावर पडलेली दोरी बाजूला केली.

“एक तरी कोट,” ते म्हणाले. “मान्य.”

“आन् ह्याला साक्षीदार कोण?” भावाने विचारलं.

“हाय की,” काकी मान न वळवता म्हणाल्या. “जिन्यात हुबी हाय मगाधरनं.”

मी नुसती मान हलवली. त्या काळात मी कुठेच फारसं बोलत नसे.

बँकेतली माझी पहिली नोकरी सोलापूरला लागली, तेव्हा बाबा मला सोडायला आले होते. भवानी पेठेतल्या त्या घराची वरची खोली त्यांनी भाड्याने घेतली ती काकींकडे बघून. काकी सांगोल्याकडच्या, मेंढपाळांच्या घरातल्या, उंच, अनवाणी चालणाऱ्या; त्यांच्या घरात मुलीला धक्का लागणार नाही हे कुणालाही कळलं असतं. काकांबद्दल बाबा जाताना एवढंच म्हणाले, “माणूस सज्जन आहे. जरा चमत्कारिक आहे.” त्या दिवशी दुपारी काका धोतर आणि बनियन घालून रहाटाने पाणी ओढत होते. चमत्कारिक काय ते बाबांना कळलं कसं, हे मला तेव्हा समजलं नाही. मग साडेसहा वाजले.

साडेसहाला काकांनी एक पितळी थाळी लाकडी डावाने हलक्या हाताने वाजवली आणि ते ती वाजवतच सगळ्या घरातून फिरून गेले. ही पहिली घंटा, कपडे करायची. सातला दुसरी, जेवायची. मधल्या अर्ध्या तासात त्यांचं धोतर जाऊन काळी पँट आली, बनियनवर गळ्यापर्यंत बटणं असलेला पांढरा कोट आला, केसांना पाण्याचा हात लागला, आणि डाव्या हाताच्या मनगटावर घडी घातलेला नॅपकिन आला. दुपारी मला “पोरी, पानी तापलंय” म्हणणारा माणूस सातला म्हणाला, “गुड इव्हनिंग, मॅडम.” त्या घरात मी राहिले तोवर हे कधी चुकलं नाही. दिवसा मी पोरी होते आणि सातनंतर मॅडम.

सगळी पेठ त्यांना बोटीवाले म्हणायची. ते मूळचे करकंबचे. ज्वारीच्या रानात वाढलेला माणूस समुद्रावर कसा गेला असं कुणी विचारलं की त्यांचं एक ठरलेलं उत्तर होतं. “मुंबईला मामाला भेटायला गेलतो. मामा घावला न्हाय, बोट घावली.” पुढे अर्धं आयुष्य त्यांनी प्रवासी बोटींवर काढलं. आधी भांडी घासली, मग बटाटे सोलले, आणि शेवटची बरीच वर्षं जेवणाच्या सलूनमध्ये लोकांच्या खुर्च्यांमागे उभे राहिले. नंतर लोक विमानाने जाऊ लागले. बोट भंगारात निघाली तेव्हा त्यांनी तिच्यातलं एक टेबल, थोड्या बशा, काटे-चमचे आणि एक मोठी ट्रंक घेतली आणि ते सोलापूरला परत आले. समुद्रापासून इतक्या लांब, सपाट जमिनीवर, ते पाय फाकवून चालत. जिना चढताना हातात भरलेला पेला असला तरी त्यातलं पाणी हलत नसे.

त्या ट्रंकेत कोट होते. माणसं बोटीवर कोट विसरतात, हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. विसरतात, टाकून देतात, शेवटच्या बंदरावर कुणाला तरी देऊन टाकतात. असे कोट काकांनी वर्षानुवर्षं जमवले होते. जेवणाच्या खोलीबाहेर भिंतीवर खुंट्यांची रांग होती आणि तिच्यावर ते टांगलेले असत. एकाला मखमली कॉलर होती. एक पिवळट पांढरा, कुणा दाताच्या डॉक्टरचा. एक इतका जाड की तो अंगात घालण्याऐवजी माणूसच त्याच्या आत शिरायचा. सगळ्यांना डांबरगोळ्यांचा वास. आणि सगळे गोऱ्या माणसांच्या मापाचे, त्यामुळे आमच्या मंडळींच्या हातांची बोटं बाह्यांतून जेमतेम बाहेर येत.

नियम एकच होता. सातनंतर कोट लागतो. स्वतःचा असला तर उत्तम, नसला तर खुंटीवरचा घ्यायचा. मी तिथे होते तेव्हा नेमाने जेवायला तिघं येत: एक विम्याचे एजंट, एक शाळेतले मास्तर आणि एक मिलमधले हेडक्लार्क. तिघांचीही बिऱ्हाडं गावाकडे होती. तिघांपैकी एकाकडेही स्वतःचा कोट नव्हता.

हेडक्लार्क कसे आले तीही एक गोष्टच होती. काकांनी सुरुवातीला दारावर ‘डायनिंग सलून’ अशी पाटी लावली होती, आणि पहिल्याच आठवड्यात दोन गृहस्थ दाढी करायला आले. काकांनी दोघांना कोट चढवले, बसवलं आणि आमटी वाढली. एक जण जेवून निघून गेला, तो पुन्हा आला नाही. दुसरे हे हेडक्लार्क. “दाढी राहिली ती राहिलीच,” ते सांगत, “पण मला कुणी खुर्ची ओढून दिली ती आयुष्यात तेव्हाच.”

त्या खुर्चीने मला फार छळलं. मी दारात आले की काका माझी खुर्ची मागे ओढून उभे राहत. तिघं पुरुष अर्धवट उठत. मला ते सगळं इतकं अवघड व्हायचं की मी घंटेच्या आधी येऊन बसू लागले. दुसऱ्या दिवशी काका माझ्या आधी. मी आणखी लवकर, तर ते आणखी लवकर. आठवडाभर आमचं हे चाललं. शेवटी एकदा पहिल्या घंटेच्याही आधी मी खाली आले तर काका धोतर-बनियनवरच खुर्ची धरून उभे होते. “मॅडम,” ते खालच्या आवाजात म्हणाले, “मला जरा कपडे करू द्या की.” मग मी हरले.

बायकांनी काय घालावं याबद्दल मात्र ते अवाक्षर काढत नसत. मी एकदा, फार धीर करून, दिवसा विचारलं होतं की माझ्यासाठी काही नियम आहे का. ते दचकलेच. “न्हाय न्हाय. लेडीजला कापडाचं सांगायची आमाला परवानगी नव्हती. तोंडातनं चुकून गेलं तरी दुसऱ्या दिवशी बटाटे सोलायला. आमी फक्त खुर्ची वडायची.” पण कुणी सांगितलं नसतानाही पहिली घंटा झाली की मी साडी बदलत असे. बँकेतून आलेली चुरगळलेली साडी काढायची, पिशवीतली इस्त्रीची नेसायची, केस पुन्हा बांधायचे. आपली कुठेतरी वाट बघितली जात आहे असं त्या अर्ध्या तासात वाटायचं. परक्या गावात एकट्या राहणाऱ्या मुलीला हे थोडं नव्हतं.

जेवण काकींच्या हातचं आणि अस्सल सोलापुरी. आमटी, भाकरी, वांगं, शेंगाचटणी, शेवटी ताकभात. पण ते यायचं बोटीच्या क्रमाने. आधी खोलगट बशीत आमटी, तिला सूप म्हणायचं. ती संपल्याशिवाय भाकरी येत नसे. वाढायचं डावीकडून, उचलायचं उजवीकडून. मी इंग्रजी शाळेत शिकलेली म्हणून मास्तर पहिल्या दिवशी माझ्याकडे बघत बसले, मी काटा कसा धरते ते बघायला. आमच्या बोर्डिंगात आम्ही डाळभात चमच्याने खात असू, याच्या पलीकडे मला काही येत नव्हतं. शेवटी मास्तरांनी काकांनाच विचारलं, “भाकरी काट्याने खायची का हो?”

“भाकरीला काटा न्हाय, साहेब.”

“का बरं?”

“सायबाला भाकरी ठावंच नव्हती. त्यामुळं तिचा रूल झाला न्हाय. हातानं खावा.”

स्वतः काका त्या टेबलाशी कधी बसले नाहीत. आम्ही उठलो की ते पांढरा कोट काढून ठेवत, स्वयंपाकघरात काकींसमोर पाटावर मांडी घालत आणि एकाच परातीत भाकरी कुस्करून दोघं जेवत. तिथून त्यांच्या हसण्याचा आवाज वर माझ्या खोलीत यायचा. बोटीवरच्या माणसाने सलूनमध्ये जेवायचं नसतं, एवढंच त्यावर त्यांचं म्हणणं होतं, आणि त्यात त्यांना दुःखाचं काही दिसत नव्हतं.

मला वाटतं मी त्या टेबलावर जे पाहिलं ते इतर कुणी फार लक्ष देऊन पाहिलं नसेल, कारण मी बोलत नव्हते आणि मला दुसरं काम नव्हतं. कोट अंगात गेला की ती माणसं बदलायची. विमेवाले एरवी रस्त्यात माणसाच्या खांद्यावर हात टाकून बोलणारे, शिव्या सहज येणारे, दाताच्या डॉक्टरचा कोट चढला की ते “जरा मीठ इकडे देता का?” असं विचारत. मास्तर दात कोरायचं विसरत. आणि हेडक्लार्क, ज्यांना मिलमध्ये दिवसभर कुणीही ओरडून हाक मारायचं, ते मखमली कॉलरमध्ये ताठ बसून हळूहळू जेवत, घाई नसलेल्या माणसासारखे. तो कोट त्यांना खांद्यात फार मोठा होता. पण ते तो दुसऱ्या कुणाला घेऊ देत नसत.

बाहत्तरच्या दुष्काळात मी तिथेच होते. गावात पाण्याचे टँकर येत, आणि रेशनवर परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी मिळे. त्या मिलोची भाकरी विटकरीच्या रंगाची व्हायची आणि घशाखाली उतरत नसे. पण त्या दिवसांतही सातला घंटा होत होती. धुवायला पाणी नाही म्हणून टेबलाचं कापड एक दिवस या बाजूने, एक दिवस त्या बाजूने घालत. तिसऱ्या दिवशी काका आपल्या अंघोळीचं पाणी त्याला देत. काकी कपाळाला हात लावून म्हणायच्या, “माणूस पारोसा हाय, आन् कापड बघा कसं उजाळलंय.”

एका संध्याकाळी विमेवाल्यांनी ती तांबडी भाकरी बशीत उलटीपालटी करून पाहिली. “काका, एक बोलू का? हे जनावरांचं खाणं. हे खायला कोट?”

काकांनी त्यांच्या बशीत थोडी चटणी वाढली, डावीकडून.

“पोटात काय जातंय ते आपल्या हातात न्हाय, साहेब,” ते म्हणाले. “अंगावर काय हाय ते हाय.”

विमेवाले जेवले.

एकदा गच्चीवर कोटांना ऊन दाखवायचं काम चाललं होतं. रविवार होता, मला सुट्टी होती, आणि मी कोट झटकून दोरीवर टाकत होते. काकांनी स्वतःहून सांगितलेली एवढी एकच लांब गोष्ट मला आठवते.

“आपल्याकडचा एक म्हातारा हुता बोटीत. लेकाकडं चाललेला, विलायतंला. धोतर, लांब सदरा, डोईला पटका. पैल्या सांजंला सलूनच्या दारात आला तर हेडवेटरनं आडिवला. म्हातार्‍याला इंग्रजी येईना. मग मला बोलिवलं. म्हणाले, तुझ्या बोलीत सांग ह्याला, कोट असंल तर आत.”

“मग?” मी विचारलं.

“सांगितलं की. काय करतो? मी म्हणालो, बाबा, कोट लागतोय. ते म्हणाले, बरं. आन् गेले माघारी. बोट विलायतंला जास्तवर त्यानी खोलीतच खाल्लं. ताट मीच न्यायचो.” ते मखमली कॉलरवरचा दोरा काढत होते. “उतरायच्या दिवशी मला सुपारी दिली. आन् म्हणाले, पोरा, तितं आत जेवायला काय आसतंय रं? मी सगळं सांगितलं. मासा, मटन, डुकराचं हे, गाईचं ते. म्हातारं हसलं. म्हणाले, मग बरंच झालं की, मी माळकरी.”

त्यांनी कोट दोरीवर टाकला आणि त्याच्या बाह्या सरळ केल्या.

“तवापासनं जमा करतोय. कोट न्हाय म्हणून माघारी जायला नगं कुणी.”

तोपर्यंत मीही बाकीच्यांसारखंच समजत होते की ते कोट माणसांना अडवायला आहेत.

दोरीने खोली मोजली ती यानंतरच्या उन्हाळ्यात. काकींचा भाऊ वाईट माणूस नव्हता. सांगोल्याकडची मेंढरं दुष्काळात विकून तो शहरात आला होता, दुसऱ्याच्या यंत्रमागावर राबत होता, आणि त्याला स्वतःचे दोन माग टाकायचे होते. पेठेत ज्याच्याकडे म्हणून एक खोली मोकळी होती त्याने तिच्यात माग टाकलाच होता. आमच्या दोन्ही बाजूंना दिवसभर खटखट चालायची. काकी त्या खटखटीकडे कान लावून बसत. तिघांच्या जेवणावर घर चालत नाही हे त्यांना कळत होतं, आणि काका थकत चालले आहेत हेही.

त्या अटीबद्दल जेवणाऱ्यांना काही कळू द्यायचं नाही, असं काकांनी मला दुसऱ्याच दिवशी बजावलं. “पॅसेंजरला इंजिनाचं सांगायचं नसतं, पोरी. बोटीत पानी शिरलं तरी सूप येळंवर.”

आणि त्याच उन्हाळ्यात संध्याकाळची वीज जाऊ लागली. पंखा बंद पडायचा तो नेमका सूपाच्या वेळेला. मास्तरांच्या मानेवर घामोळं उठलं. हेडक्लार्कांच्या मखमली कॉलरमधून घाम गळून भाकरीवर पडायचा. शेवटी एका संध्याकाळी विमेवाले ताकभात संपवून, ओठ नीट टिपून, दाताच्या डॉक्टरच्या कोटाची बटणं लावून उभे राहिले.

“काका, आपल्याबद्दल आम्हा तिघांना आदर आहे. पण आमचं असं ठरलं आहे की उद्यापासून आम्ही कोट घालणार नाही. पाऊस पडेपर्यंत.”

मी मान वर केली. हेडक्लार्क टेबलाच्या कापडाकडे बघत होते.

“ठीक हाय, साहेब,” काका म्हणाले. “मग उद्याचं जेवान मागल्या अंगणात. पंगत. तितं कोट लागत न्हाय. वाराबी हाय.”

“वा,” मास्तर म्हणाले. “हे झकास.”

तिघंही आनंदाने गेले. काकांनी काटे उचलले, मोजल्यासारखे एकावर एक ठेवले, आणि कापड झटकायला अंगणात नेलं. स्वयंपाकघराच्या दारात काकी उभ्या होत्या. मला वाटतं त्यांनाही ते इतक्या लवकर नको होतं.

दुसऱ्या दिवशी बँकेतून येताना मला कोपऱ्यावर विमेवाले भेटले. काकांनी बजावलेलं माझ्या ध्यानात होतं, पण एकच वाक्य बोलायचं होतं: आज एकाने तरी कोट घाला. मी ते इंग्रजीत मनात बनवलं, मग मराठीत बनवलं. विमेवाले थांबले, हसले, वाट बघत राहिले.

“आज ऊन फार आहे,” मी म्हणाले.

“म्हणूनच तर, मॅडम,” ते म्हणाले. “आज पंगत.”

साडेसहाला पहिली घंटा झाली. मी साडी बदलली. सातला खाली आले तेव्हा मागच्या अंगणात पाट मांडले होते आणि तिघं बाह्या सरसावून बसले होते. काका पांढऱ्या कोटात वाकून त्यांना आमटी वाढत होते, डावीकडून, आणि विमेवाले म्हणत होते, “अहो, कुठूनही वाढा, काका, आता काय.” ते हसत होते. अंगणात खरंच वारा होता. मला कुणीतरी हाक मारली, “मॅडम, इकडेच या, गार आहे.” काकींनी माझ्यासाठीही एक पाट टाकला होता.

मी खोलीच्या दारापाशी गेले. वीज नव्हती, म्हणून आत कंदील होता. टेबल पूर्ण मांडलेलं होतं, चौघांचं, नेहमीसारखं, नॅपकिनच्या घड्यांसह. बाहेरच्या भिंतीवर सगळ्या खुंट्या भरलेल्या होत्या. एवढे कोट एकाच वेळी टांगलेले मी सातनंतर कधी पाहिले नव्हते.

काका अंगणातून आले आणि त्यांनी माझी खुर्ची मागे ओढली. “गुड इव्हनिंग, मॅडम.” मी बसले. त्यांनी आमटी आणली. “गरम हाय,” ते म्हणाले, रोज म्हणत तसं.

मी पहिला चमचा उचलला तेवढ्यात मागच्या दारातून काकींचा भाऊ आत आला. त्याच्या खांद्यावर तीच दोरी होती, गुंडाळलेली. त्याने माझ्याकडे बघितलं, मग रिकाम्या खुर्च्यांकडे.

“ह्या ताईंचं धरायचं न्हाय हां,” तो बहिणीला म्हणाला. “बोली कोटाची झालीया. बाईमाणसाला कुटला कोट?”

काकी पीठ लागलेले हात पुढे धरून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभ्या होत्या. त्या काकांकडे बघत होत्या, आणि त्यांच्या तोंडावर जिंकल्याचं काही नव्हतं.

“व्हय,” त्या म्हणाल्या. “बोली कोटाचीच हाय.”

“मग सकाळी हातगाडी आणू?”

काका माझ्या खुर्चीमागे, जरा डावीकडे, हातावर नॅपकिन घेऊन उभे होते. ते मला काही सांगतील असं मला क्षणभर वाटलं. त्यांनी नुसतं खुंट्यांकडे बघितलं असतं तरी पुरलं असतं. पण त्यांनी तेही केलं नाही. ते समोर भिंतीकडे बघत राहिले, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की ते सांगणारच नाहीत, खोली गेली तरी नाहीत. समोर बसलेल्या बाईला अंगावर काय घाल हे सांगायची त्यांना परवानगी नव्हती.

अंगणात मास्तर कसल्यातरी गोष्टीवर मोठ्याने हसले. भाऊ दोरी सोडू लागला. मी बोलले तर अंगणातल्या तिघांनाही ऐकू जाईल हे मला कळत होतं. मी चमचा बशीत ठेवला.

“काका,” मी म्हणाले, “मला कोट द्या. मोठा असला तरी चालेल.”